शिळ्या पाण्याचे डॉक्टर

"कोण धुतलं ओ?"

नमस्कार नाही, चहापाणी नाही, आल्या आल्या हाच प्रश्न. चपला दाराबाहेर काढायच्या, फिश टँकचं झाकण उचलून बाजूला ठेवायचं, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि नाक पाण्याला टेकेल इतकं कमरेत वाकायचं. डोळे मिटायचे. एक लांबलचक श्वास घ्यायचा. मग तसंच वाकलेलं राहून नुसती मान वळवायची आणि घरातल्या एकेकाकडे बघत विचारायचं. आवाज असा, की या घरात खून झालाय आणि खुनी याच खोलीत उभा आहे.

आता खोटं कशाला बोलू, तो तिथेच उभा असायचा.

सोलापुरात तुमच्या घरी, दुकानात किंवा दवाखान्यात मासे असतील तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. आणि ऐकल्याबरोबर तुमच्या घरातल्या सगळ्यात स्वच्छ माणसाकडे तुमची नजर गेली असेल. कारण मासे मारतो तो नेहमी स्वच्छ माणूस. गबाळ्या घरातले मासे म्हातारे होऊन मरतात.

लोक त्यांना मासेडॉक्टर म्हणायचे. अंगाने काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, आणि कितीही साबण लावला तरी निळसर राहिलेल्या नखांच्या कडा. पूर्व भागातल्या एका डाइंगमध्ये तीसेक वर्षं टॉवेलच्या सुताला रंग देत होते. ते डाइंग बंद पडलं आणि यांनी मासे धरले. म्हणजे धरले नाहीत, वाचवायला घेतले. मोपेडला एक कापडी पिशवी अडकवलेली असायची. तिच्यात खडेमीठ, निळ्या औषधाची बाटली, जाळी, रबरी नळी आणि एक जुनं बनियन. काच पुसायला मी एकदा नवं कोरं फडकं पुढे केलं, तर ते असे मागे सरले, जणू मी साप काढून दाखवला. "नवं नको ताई, नव्या कापडाला खळ असतंय. पेशंटच्या पोटात जाईल."

पेशंट म्हणजे मासा. नातेवाईक म्हणजे आम्ही. आणि कुठल्याही चांगल्या डॉक्टरसारखं त्यांचं नातेवाइकांविषयी मत वाईट होतं.

आमच्याकडे मासे आले ते बीपीमुळे. माझे सासरे, अण्णा, टेंभुर्णीकडच्या एका शाळेत हेडमास्तर होते. सासूबाई गेल्यावर त्यांचं बोलणंच बंद झालं. बोलायचे ते फक्त चुका काढायला. भाजीत मीठ, पेपरात शुद्धलेखन, माझ्या दुकानाच्या पाटीवरची 'झेरॉक्स'ची मात्रा, सगळ्यात चूक. गल्लीत कुणी "काय सर, बरं आहे ना?" म्हटलं तर नुसती मान हलवून आत यायचे. बीपी चढतच गेलं. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या, सांगितलं की रोज तासभर मासे बघत बसा, मन शांत होतं. आमचे हे पुण्याला नोकरीला, शनिवारी येतात. त्यांनी एका शनिवारी तीन फुटी टँक आणि सहा सोनेरी मासे आणले, पुढच्या खोलीत माझ्या झेरॉक्स मशीनशेजारी मांडले, आणि रविवारी निघून गेले. नवऱ्यांना हे छान जमतं.

चौथ्या दिवशी पाणी आलं.

पाणी आलं म्हणजे काय होतं हे सोलापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते आलं की आमची गल्ली अंगात आल्यासारखी करते. पहिलं काम काय, तर साठवलेलं सगळं पाणी ओतून द्यायचं. का? तर ते शिळं! पिंपं, घागरी, बादल्या सगळ्या पालथ्या घालायच्या, घासायच्या आणि ताजं भरायचं. काल यातलंच तांब्याभर पाणी शेजारणीला द्यायला आपला जीव वर-खाली होत होता, ते आज गटारात. मी दुधनीची, कर्नाटकच्या हद्दीवरची. आमच्याकडेही पाण्याचे हाल, पण असला ताजेपणाचा सोस मी इथे येऊनच शिकले.

तर अण्णांनी पाणी आल्यावर अंगण धुतलं, स्कूटर धुतली, आणि मग मासे बादलीत काढून टँक धुतला. भांड्यांच्या साबणाने. आतले खडे चिंचेने घासून पितळेसारखे लखलखीत केले. नळाची नळी सरळ टँकमध्ये सोडली. पहिल्या धारेचं पाणी, ब्लीचिंग पावडरचा भपकारा येणारं. संध्याकाळपर्यंत पाच मासे उलटे. एक तेवढा कोपऱ्यात तोंड उघडं टाकून उभा होता.

अण्णांचं बीपी घेतलं तर ते मासे यायच्या आधीपेक्षा वर.

त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा आमच्या घरी आले. वाकले, वास घेतला, मान वळवली.

"कोण धुतलं ओ?"

"मी," अण्णा ताठ मानेने म्हणाले. "का?"

"कशानं?"

"साबणाने. स्वच्छ धुतलाय."

"मग सर, पुढच्या टायमाला सरळ कढईतच सोडा की. धुतलेलं हायतच."

मी झेरॉक्स मशीनच्या मागे तोंड लपवलं. अण्णांना असं बोलणारा माणूस मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. मला वाटलं आता अण्णा त्यांना अंगठे धरून उभं करणार. पण डॉक्टर खाली मांडी घालून बसले होते आणि त्या शेवटच्या माशाला जाळीत घेऊन त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलत होते. निळ्या औषधाचे थेंब टाकताना ओकटि, रेंडु, मूडु असं मोजत होते. अण्णा बघत राहिले.

"जगेल का?" अण्णांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी विचारलेला हा पहिला साधा प्रश्न असेल.

"तुमी हात न्हाय लावला तर जगेल."

मग त्यांनी आमचा वर्ग घेतला. टँक कधी पुरता धुवायचा नाही. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच घालायचं. घालायचं ते दोन दिवस पिंपात उघडं ठेवलेलं, औषधाचा वास उडून गेलेलं. गच्चीवरच्या टाकीतलं नाही, कारण आपल्या उन्हात त्यात मासा शिजतो. खड्यांवर साठतं ते सगळंच घासून काढायचं नाही. "ती घाण तुमची न्हाय सर, त्यांची हाय. त्याच्यावरच पाणी जितं ऱ्हातंय. तुमाला ताजं लागतंय, त्यांना शिळं लागतंय."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शिळी पोळी ताटात घेतली नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

मासा जगला. सगळा वर्ग गैरहजर आणि हा एकटा हजर म्हणून अण्णांनी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं. मग चार सोबती आणले, पण अण्णांचा जीव मॉनिटरवर. सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे, मग देवाकडे. "काय रे, रात्री दंगा कुणी केला?" असं त्याला विचारायचे. पाच-सहा महिन्यांत तो चांगला तळहाताएवढा झाला, आणि अण्णांचं बीपी उतरलं. आमच्या घरात कुणालाही सांगायची गरज नव्हती की हा मासा जगलाच पाहिजे. दुपारी वीज जाऊन टँकची हवेची मोटर बंद पडली तर मी झेरॉक्सचं गिऱ्हाईक सोडून तांब्याने टँकमधलं पाणी वरून ओतत बसायचे, हवा मिसळावी म्हणून. गिऱ्हाईक वैतागायचं. वैतागू दे.

डॉक्टर महिन्यातून एकदा तपासायला यायचे. मासे ठणठणीत असले तरी तोच विधी. वाकायचं, श्वास, मान. "कोण धुतलं ओ?" आणि दर वेळी अण्णा खाली बघून म्हणायचे, "मी. वरवर." की झाली सुरुवात! दहा मिनिटं डॉक्टर अण्णांना झापायचे. सर, तुमी शिकलेले, सर, तुमाला किती येळा सांगायचं, मुक्या जिवाची तरी दया करा की. मला अण्णांचा राग यायचा. एवढं सांगूनही हा माणूस चोरून धुतो म्हणजे काय! झापून झालं की दोघं चहा घ्यायचे आणि डॉक्टर शहरातल्या बाकीच्या पेशंटांच्या बातम्या सांगायचे.

त्या बातम्या ऐकायला माझी गिऱ्हाइकं कामं संपल्यावरही रेंगाळायची. एका वकिलाच्या ऑफिसात मासे फुगून मरत होते. कारण तारीख पडलेला प्रत्येक पक्षकार बसल्या बसल्या चिमूटभर खाद्य टाकायचा. डॉक्टरांनी तिथे पाटी लावली, 'आज माशांचा उपास आहे', आणि ती वर्षभर काढू दिली नाही. एका बाईंच्या माशाला जखम झाली, त्यांनी प्रेमाने टँकमध्ये हळद टाकली. डॉक्टरांनी पिवळंजर्द पाणी बघितलं आणि म्हणाले, "मीठ मी घालायला आलो, हळद तुमी घातलीच. आता कोथिंबीर कोण घालणार?"

मी एकदा पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्या मागवल्या. पट्टी बुडवली की रंग बदलतो आणि पाणी बरं की वाईट ते कळतं. मोठ्या हौसेने त्यांना दाखवल्या. त्यांनी एक पट्टी उजेडाला धरली, बोटांनी चोळली, बोटाला लागलेला हिरवा रंग मला दाखवला. "पक्का न्हाय ओ. पहिल्या धुण्यात जाईल." पट्ट्या कपाटात गेल्या. एवढं नाक असताना पट्ट्या कशाला, असं मलाही वाटलं. त्यांच्या नाकाची ख्यातीच तशी होती. नुसत्या वासावरून कुठल्या टाकीचं पाणी आहे ते सांगतात, असं लोक बोलायचे. मीही सांगायचे, दोन गोष्टी पदरच्या घालून.

आणि मग तो एप्रिल आला.

दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकं नाक मुरडत होती. "ताई, तेलाची बाटली सांडली का?" मी मशीनखाली बघितलं, गटार बघितलं. काही सापडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची हाक आली, आणि ती अशी, की मी हातातला कागदांचा गठ्ठा टाकून धावले. मॉनिटर पाण्याच्या वर तोंड काढून घटाघटा हवा गिळत होता. कल्ले लाल झाले होते. बाकीचे चौघंही वरच आलेले.

"फोन कर," अण्णा म्हणाले. त्यांचा हात काचेवर होता. मी आधी फोन केला आणि मग बीपीचं मशीन काढलं. ते त्यांनी ढकलून दिलं.

त्याच वेळी गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं! आता घरात हे संकट, पण पाणी थोडंच थांबतंय? मी मागे पळाले, भरायचं होतं ते भरलं, आणि पुढे आले तोवर डॉक्टर दारात चपला काढत होते.

हात मागे. वाकले. नाक पाण्याला. लांब श्वास. मी दोन पावलांवर होते आणि मला तो वास नीट येत होता. गल्लीत नाही, गटारात नाही, टँकमध्येच होता तो.

"पाण्याला वास काय न्हाय," डॉक्टर म्हणाले. मान वळवली. "कोण धुतलं ओ?"

"कुणी नाही," अण्णा म्हणाले. "देवाशपथ कुणी नाही."

डॉक्टरांनी पुन्हा वाकून श्वास घेतला. मी या वेळी मशीनच्या बाजूला होते, तिथून त्यांचं तोंड काचेतून समोर दिसत होतं. त्यांचे डोळे मिटलेले नव्हते. बारीक उघडे होते, आणि ते पाण्याकडे बघत नव्हते, काचेत पडलेल्या आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे. पुन्हा माझ्याकडे.

"पिशवीतलं एक औषध ऱ्हायलं," म्हणत ते बाहेर मोपेडकडे गेले. मी मागोमाग गेले. माझा स्वभाव तसा आहे, पोटात राहत नाही.

"डॉक्टर, तुम्हाला वास येत नाही का?"

त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि परत ठेवली. नळाखाली बायकांचा कालवा चालू होता.

"न्हाय येत," ते म्हणाले.

"सर्दी?"

"ब्लीचिंगच्या हौदावर कामाला व्हतो तवा गेला. परत आला न्हाय."

"अय्यो! म्हणजे सगळी वर्षं? मग ते एवढं वाकून..."

"वाकलं न्हाय तर लोक खोटं बोलतात ताई. नुसतं इचारलं की 'आमी काय बी केलं न्हाय, आपोआप मेलं' म्हणतात. नाक घातलं की घाबरतात. ज्यानं केलं त्याचं तोंड लगेच उतरतंय." मग म्हणाले, "मासं कसं पोहतंय ते बघून अर्धं कळतंय. पाणी बोटात धरलं की आनखी थोडं. उरलेलं मान्साच्या तोंडावर असतंय. आज सरांच्या तोंडावर काय बी न्हाय. तुमच्या बी न्हाय. मी काय करू?"

हे शेवटचं ते जवळजवळ रडवेले होऊन म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मला भीती वाटली, कारण आत मॉनिटर मरत होता आणि त्याच्यामागे अण्णा उभे होते.

"कुणाला सांगू नका," ते म्हणाले. "नाकावर पोट हाय माझं."

"ते राहू द्या. मला वास येतोय. दोन दिवसांपासून येतोय."

त्यांनी झटकन वर बघितलं. "कसला?"

मी डोळे मिटून आठवलं. "खवट. शेंगदाणे सडल्यासारखा."

तुम्हाला सांगते, त्यांच्या तोंडावर असा उजेड पडला! पिशवी खांद्याला लावून ते परत दारात आले. चपला पुन्हा काढल्या. झाकण उघडंच होतं, तरी हात मागे बांधले, पुन्हा पूर्ण वाकले, पुन्हा तो लांबलचक श्वास, आणि मान वळवून गरजले,

"शेंगाचा कूट कोण घातला ओ?"

अण्णा दचकले. "मी. म्हणजे... रोज दुपारी चमचाभर. तो ते दुकानातलं खाद्य नीट खात नव्हता. वाळला होता."

आता बघा. आम्हा सोलापूरकरांना असं वाटतं की जगात अशी कुठलीच तक्रार नाही जी शेंगदाण्याच्या कुटाने बरी होत नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि कडक भाकरीला शेंगाचटणी तर हवीच. माझी दुपारची झोप लागली की अण्णा स्वयंपाकघरातून चमचा भरून आणायचे. पाप केल्याचा भाव तोंडावर येणार कुठून? त्यांच्या मते ते पोषण होतं. खाल्ला तेवढा माशांनी खाल्ला आणि बाकीचा कूट खड्यांच्या खाली जाऊन सडला होता.

डॉक्टरांनी रबरी नळी टँकच्या तळाशी खुपसली आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढली. करडा चिखल बादलीत यायला लागला आणि असा वास सुटला की झेरॉक्सला आलेला माणूस मूळ कागद सोडून पळाला. समोरच्या काकूंनी दार लावून घेतलं. अण्णा पदराला, म्हणजे माझ्या पदराला, नाक लावून उभे. डॉक्टर एकटे शांतपणे नळी फिरवत होते. "मला काय न्हाय होत," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी चक्क डोळा मारला.

"आता पाणी," ते म्हणाले. "थोडं आता, थोडं दुपारी, थोडं सांजच्याला. उद्या परत तसंच. शिळं लागंल, लई लागंल. मागं पिंप हाय न्हवं तुमचं?"

मी खाली बघितलं.

"कोण वतलं ओ?" त्यांनी हळूच विचारलं. या वेळी नाक घालायची गरजच नव्हती.

मीच ओतलं होतं. मघाशी, पाणी आल्याबरोबर, हात आपोआप गेला आणि दोनशे लिटरचं पिंप मोरीत पालथं घातलं. त्यात आता ताजं पाणी होतं, ब्लीचिंगच्या भपकाऱ्याचं. अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्यांनी तीस वर्षं वर्गात वापरली असणार. मला त्या मुलांची कीव आली.

मग ते अनवाणी तसेच बाहेर पडले.

"थांबा!" अण्णा गल्लीत ओरडले. "शिळं पाणी टाकू नका! कुणीही शिळं पाणी टाकू नका!"

काकू पिंप कलंडवायच्या बेतात होत्या. "अहो सर, चार दिवसांचं हाय. ताजं भरून देते की."

"ताजं नको! शिळं द्या. पाया पडतो तुमच्या, शिळं द्या. आमचा मॉनिटर सिरियस आहे."

काकूंना काही कळलं नाही, पण पिंप त्यांनी सरळ केलं. अण्णा पुढच्या दारात, मग त्याच्या पुढच्या. सासूबाई गेल्यापासून ज्याने गल्लीत कुणाला ओ दिली नव्हती, तो माणूस दारोदार शिळं पाणी मागत होता. गल्लीला आधी वाटलं सरांचं डोकं गेलं. मग कुणीतरी मासा आजारी असल्याचं सांगितलं आणि घागरी यायला लागल्या. बादल्या, कळशा, कुकर, एकीने तर पाण्याने भरलेला टब नवऱ्यासह आणला, म्हणजे नवरा टब धरून.

डॉक्टर दारात बसून प्रत्येक पाण्याची परीक्षा घेत होते. बोटात धरायचे, जिभेला लावायचे. "तुरटी हाय, परत न्या." एका बादलीपाशी अडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, हे जरा बघा." मी वाकले. फिनेल. "नको," मी म्हटलं. "नको," ते मोठ्याने म्हणाले. कुणाला काही कळलं नाही.

मॉनिटर तिसऱ्या दिवशी खाली गेला आणि आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. अण्णा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यानंतर रोज कुणी ना कुणी "सर, मॉनिटर कसा हाय?" विचारायचं आणि अण्णा उभे राहून सविस्तर सांगायचे. त्यांना थांबवणं हेच आता गल्लीपुढचं संकट झालं.

मला मात्र नोकरी लागली. कुठे अडलं की डॉक्टरांचा फोन यायचा, "ताई, पाच मिन्टं येता का?" माझी ओळख 'या बी मासे पाळतात' अशी करून दिली जायची. मी टँकपाशी उगाच घुटमळायचे आणि जाता जाता कानात सांगायचे, अगरबत्ती, डास मारायचं औषध, चमेलीचं तेल. मग ते वाकायचे आणि गरजायचे. एका मोठ्या हॉटेलचा मालक त्यांच्या पाया पडला होता. मी बाजूला उभी राहून हसू दाबत होते.

यंदा फेब्रुवारीत डॉक्टर गेले. सकाळी चहाची बशी हातात होती, तेवढ्यात. मी आणि अण्णा तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. शेजारच्या घरात माग खटखटत होता. अंगणात सावलीला सहा निळी पिंपं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर खडूने वार लिहिलेला.

त्यांच्या बायकोने आम्हाला बसायला पाट दिला. माणूस गेल्यावर घरातलं साठवलेलं पाणी ओतून देतात, ते तुम्हाला माहीत असेल. "घरातलं समदं वतलं," त्या म्हणाल्या. "भावकी म्हनली, ही पिंपं बी वता. मी न्हाय वतू दिली. ते सांगायचे, कुनीतरी शिळं पानी मागाया येईल, न्हाय म्हनू नको." मग डोळे पुसत हसल्या. "नाकाला तर काय कळत नव्हतं त्यांच्या. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे पेपर वाचत बसायचे."

मी घाबरून अण्णांकडे बघितलं. इतकी वर्षं जपलेलं गुपित असं फुटलं. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "गुरुवारचं थोडं नेऊ का?"

रिक्षात पाण्याचा कॅन आमच्या दोघांच्या पायांमध्ये होता. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तीस वर्षं मी वर्गात हेच केलं. कोणी केलं म्हणून विचारायचं आणि कान कोणाचे लाल होतात ते बघायचं."

"मग दर महिन्याला कशाला धुवायचात, एवढी बोलणी खाऊन?"

"मी कुठे धुतला? पहिल्या वेळेनंतर मी त्या टँकला साबण दाखवलेला नाही."

मी कॅन सोडून त्यांच्याकडे वळले.

"तो माणूस एवढा वाकायचा," अण्णा बाहेर बघत म्हणाले. "कमरेत उसण भरेल इतका. मग विचारायचा. त्याला 'कुणी नाही' असं कसं म्हणायचं? त्या एप्रिलमध्ये तेवढं खरं बोललो. तेव्हा मॉनिटरच्या जिवाचा प्रश्न होता."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. बघू दे.

घरी आल्यावर अण्णांनी गुरुवारचं पाणी तांब्या-तांब्याने टँकमध्ये सोडलं. मॉनिटर धारेखाली येऊन उभा राहिला. तांब्या खाली ठेवून अण्णांनी हात पाठीमागे बांधले, आणि बीपीच्या गोळ्या खाणारा तो म्हातारा माणूस गुडघे कुरकुरवत पाण्याला नाक लागेपर्यंत वाकला. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. मग त्यांनी मान वळवली.

"कोण धुतलं ओ?"

घरात मी एकटीच होते, आणि सकाळपासून त्यांच्याच बरोबर होते.

"मी," मी खाली बघून म्हटलं. "वरवर."

मग दहा मिनिटं अण्णांनी मला झापलं, आणि मी उभी राहून सगळं ऐकून घेतलं.